हरितगृह वायू आणि माणसाचा हात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी, गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारी, शिक्षक आणि एसी-फ्रिज दुरुस्त करणारे कारागीर यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हरितगृह वायू म्हणजे पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता अडकवणारे वायू. आधी मूळ मुद्दे, मग घर आणि शेत, आणि शेवटी हिशेबात अडकवणारे प्रश्न. वायूंच्या तुलनेचे आकडे आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या) सहाव्या अहवालातले, १०० वर्षांच्या मापाने (प्रश्न २) घेतलेले आहेत.

१. हवामान तर लाखो वर्षं बदलतंच आलं आहे. या वेळी माणूसच कारण, हे कशावरून?

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतल्या दहा लाख रेणूंमागे साधारण २८० रेणू कार्बन डायऑक्साइडचे होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआवर रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा हा आकडा ३१५ च्या आसपास होता. आता तो ४२० च्या वर आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांतून गेल्या ८ लाख वर्षांची हवा मोजता येते. त्या सगळ्या काळात तो ३०० च्या वर फारसा कधी गेलेला नाही.

हा जादा कार्बन कुठून आला, हे त्या कार्बनवरच लिहिलेलं असतं. वनस्पती हलका कार्बन-१२ जास्त ओढतात आणि जड कार्बन-१३ कमी. कोळसा आणि खनिज तेल वनस्पती व सूक्ष्म जीवांपासूनच बनलेलं, त्यामुळे त्यात कार्बन-१३ कमी असतो, आणि कोट्यवधी वर्षं जमिनीत राहिल्याने किरणोत्सारी कार्बन-१४ तर उरलेलाच नसतो. हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण त्याच दिशेने घसरत चाललं आहे. सोबत ऑक्सिजनही किंचित घटतो आहे. जळताना तो खर्च होतो. समुद्रातून नुसता वायू सुटत असता, तर ही घट दिसली नसती.

सूर्य कारण असता तर वातावरणाचे खालचे आणि वरचे असे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा, म्हणजे स्थितांबर, थंड होतो आहे. उष्णता खाली अडकल्याची ही खूण. ज्वालामुखींचं नाव नेहमी येतं, पण त्यांचा वार्षिक कार्बन डायऑक्साइड माणसाच्या १ टक्क्याहूनही कमी आहे. १८५०–१९०० च्या तुलनेत २०१०–२०१९ या दशकापर्यंत माणसामुळे झालेली वाढ सुमारे १.०७ अंश आहे. सूर्य आणि ज्वालामुखी यांचा मिळून परिणाम उणे ०.१ ते अधिक ०.१ अंश, म्हणजे जवळजवळ शून्य.

२. हरितगृह वायू नेमके कोणते, आणि सगळे एकाच मापात कसे मोजतात?

माणसाच्या हिशेबात मुख्य तीन: कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. चौथा गट फ्लोरिनयुक्त वायूंचा. एसी-फ्रिजमधले गॅस आणि उच्चदाबाच्या विद्युत उपकरणांतला सल्फर हेक्झाफ्लोराइड त्यात येतात.

१ किलो वायू १०० वर्षांत किती उष्णता अडकवेल, याची १ किलो कार्बन डायऑक्साइडशी तुलना करतात. जनावरं किंवा कुजणाऱ्या पदार्थांतला मिथेन २७ पट, खनिज इंधनातला जवळपास ३० पट, नायट्रस ऑक्साइड २७३ पट आणि सल्फर हेक्झाफ्लोराइड सुमारे २५,००० पट. या आकड्याने गुणून जे येतं त्याला ‘समतुल्य’ म्हणतात.

हे माप सोयीचं आहे, पण ते एक गोष्ट झाकतं. मिथेन साधारण १२ वर्षांत विरतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं राहतो. २० वर्षांचं माप लावलं तर मिथेनचा आकडा ८० च्या आसपास जातो. कोणाचा तक्ता वाचताना १०० वर्षांचा की २० वर्षांचा, हे आधी बघा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

३. हवेत सगळ्यात जास्त तर बाष्प असतं. त्याचा दोष का धरत नाहीत?

बाष्प उष्णता भरपूर अडकवतं, हे खरं. पण ते आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येतं, आणि हवा किती बाष्प धरेल हे तापमानच ठरवतं: १ अंशाला सुमारे ७ टक्के जास्त. म्हणजे दुसऱ्या वायूंनी हवा तापवली की बाष्प ती वाढ आणखी ताणतं. सुरुवात ते करत नाही.

४. ओझोनच्या थराला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते ना?

नाही. ओझोन कमी झाला की अतिनील किरण जास्त येतात. तापमानवाढीचं कारण उष्णता बाहेर जाताना अडणं हे आहे. दोन्हींमधला दुवा एकच: ओझोन खाणारे जुने शीतक वायू स्वतः जबर हरितगृह वायूही आहेत (प्रश्न ११).

५. आपण सगळे श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो. लोकसंख्या वाढली म्हणूनच हे झालं का?

माणूस दिवसाला १ किलोच्या आसपास सोडतो. पण तो कार्बन भाकरी-भातातून आलेला, आणि पिकाने तो त्याच किंवा मागच्या हंगामात हवेतून घेतलेला असतो. फेरा तिथेच पुरा होतो. हिशेबात येतं ते अन्न पिकवायला, शिजवायला आणि वाहून न्यायला लागलेलं खनिज इंधन व खत.

६. १ लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोही नाही. त्यातून २.३ किलो वायू कसा निघतो?

हा प्रश्न शाळांतून सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर फळ्यावर मांडता येतं. १ लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम. त्यात वजनाने सुमारे ८६ टक्के कार्बन, म्हणजे ६३५ ग्रॅम. जळताना कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग चिकटतात आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होतो. ६३५ ला ४४ ने गुणा, १२ ने भागा: २,३३० ग्रॅम. जादाचे सुमारे १.७ किलो हा हवेतून घेतलेला ऑक्सिजन आहे.

याच रीतीने डिझेलचा लिटर सुमारे २.७ किलो, सीएनजीचा किलो सुमारे २.७ किलो आणि घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर सुमारे ४२ किलो. सायलेन्सरवर कोणतंही यंत्र लावलं तरी हे कमी होत नाही. जितका कार्बन टाकीत, तितका बाहेर.

७. माझ्या घराचा वर्षाचा हिशेब कसा काढू?

वीजबिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्याची बेरीज करा. देशाच्या ग्रिडमध्ये (वीजजाळ्यात) वीजकेंद्राच्या तोंडाशी युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. वाटेतली गळती धरली तर मीटरवरच्या युनिटमागे ०.८ किलो धरा. सिलिंडर आणि पेट्रोल प्रश्न ६ प्रमाणे.

महिन्याला १५० युनिट, वर्षाला ८ सिलिंडर आणि महिन्याला २० लिटर पेट्रोल असलेलं घर घेऊ. वीज १,४४०, गॅस सुमारे ३४०, पेट्रोल सुमारे ५५०. बेरीज साधारण २.३ टन.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सोसायटीची लिफ्ट आणि पाण्याचा पंप सुटतो. त्याचं बिल सदनिकांवर वाटून घ्या. उन्हाळ्यातल्या एका महिन्याचं बिल बाराने गुणलं की आकडा फुगतो. आणि वजनाऐवजी रुपयांवरून हिशेब केला तर स्लॅब आणि दरवाढ त्यात घुसतात. युनिट, किलो, लिटर एवढंच घ्या. खाणं, कपडे, बांधकाम आणि विमानप्रवास यात नाहीत (प्रश्न १२ आणि २२).

८. गाडीचं पीयूसी आहे, म्हणजे ती हवामानाला धोका नाही ना?

पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन तपासतात, डिझेल गाडीचा धूर तपासतात. कार्बन डायऑक्साइडवर त्यात मर्यादाच नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले बीएस-६ निकषही छातीत जाणाऱ्या प्रदूषणाचे आहेत. ते हवेच दोन्ही, पण कार्बन डायऑक्साइड कमी होतो तो इंधन कमी जळलं तरच. टायरमधली हवा कमी असणं, एअर फिल्टर तुंबणं आणि सिग्नलला इंजिन चालू ठेवणं, या तीन गोष्टी आधी सुधारा.

९. इलेक्ट्रिक स्कूटर शेवटी कोळशाच्याच विजेवर चालते. मग फरक काय?

१०० किलोमीटरला चार्जरमधली तूट धरून साधारण ३.५ युनिट लागतात, म्हणजे २.८ किलो. लिटरला ४५ किलोमीटर देणारी पेट्रोल स्कूटर तेवढ्यालाच ५.१ किलो सोडते. आजच्या ग्रिडवरही जवळपास निम्मं. कारण पेट्रोल इंजिनात इंधनाची बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

बॅटरी बनवताना झालेलं उत्सर्जन मात्र आधीच डोक्यावर असतं. ३ युनिट क्षमतेच्या बॅटरीला २०० ते ३०० किलो धरले, तर साधारण १० हजार किलोमीटरनंतर गाडी फायद्यात येते. महिन्याला शंभर-दीडशे किलोमीटरच चालवणाऱ्याने चांगली चालणारी जुनी स्कूटर फक्त हवामानासाठी मोडीत काढू नये. रोज ३० किलोमीटर जाणाऱ्याला वर्षभरातच फरक पडतो.

१०. सोलर पॅनेल बनवायलाच एवढी वीज लागते. ती भरून निघते का?

निघते, साधारण दीड-दोन वर्षांत. महाराष्ट्रात छतावरचं १ किलोवॉट सरासरी दिवसाला ४ युनिट देतं, म्हणजे वर्षाला सुमारे १,४०० युनिट आणि टनभर कार्बन डायऑक्साइडची बचत. आयुष्य २५ वर्षांच्या आसपास. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली एका पॅनेलवर पडली तरी पूर्ण ओळीची वीज घटते, आणि उन्हाळ्यात धूळ न पुसल्यास तूट वाढत जाते. बसवण्यापूर्वी डिसेंबरातली सावली बघा. तेव्हा ती सगळ्यात लांब असते.

११. एसीचा गॅस दर वर्षी भरून घेतो. त्याचा हवामानाशी संबंध काय?

थेट संबंध आहे, आणि बहुतेक घरांना हा खड्डा माहीतच नसतो. एसीतला गॅस खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. दर वर्षी भरावा लागतो याचा अर्थ दर वर्षी तो हवेत जातो.

यंत्राच्या पाटीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. आर-२२ असेल तर १ किलो म्हणजे १,९६० किलो समतुल्य. आर-४१०ए सुमारे २,२५० पट, आर-३२ हा ७७१ पट. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा परिणाम नगण्य. पण तो पेट घेतो, म्हणून दुसऱ्या गॅससाठी बनलेल्या यंत्रात तो कधीही भरू नये. आर-४१०ए चा १ किलो हवेत सोडणं हे सुमारे ९८० लिटर पेट्रोल जाळण्याइतकं आहे. दीड टनाचा चांगला एसी वर्षाला ८०० युनिट खातो असं धरलं तर ते ६४० किलो. म्हणजे एका गळतीत साडेतीन वर्षांची वीज.

कारागिराकडून काम असं करून घ्या. आधी गळती शोधायची: नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचं पाणी. बहुतेक वेळा ती फ्लेअर नटपाशी किंवा कॉइलच्या वळणावर सापडते. उरलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये ओढायचा, खिडकीबाहेर सोडायचा नाही. सांधा नीट केल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळ्या निर्वात करायच्या, नाहीतर आतला ओलावा कॉम्प्रेसर खातो. शेवटी पाटीवर लिहिलंय तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. ‘थोडा वर टाकून देतो’ असं कोणी म्हणालं तर थांबवा. आर-४१०ए सारख्या मिश्रणातले घटक कमी-अधिक प्रमाणात गळू शकतात, आणि मूळ गळती तर तशीच राहते. जुना एसी भंगारात देतानाही गॅस आधी काढून घ्यायला सांगा. भंगारवाला तांब्यासाठी नळी कापतो आणि सगळा गॅस एका मिनिटात जातो.

आर-२२ सारखे वायू ओझोन वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारानुसार भारतात २०३० पर्यंत बंद होत आहेत. त्यांच्या जागी आलेल्या गटावर याच कराराची २०१६ ची किगाली दुरुस्ती लागू आहे. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली आणि इथली प्रत्यक्ष कपात २०३२ पासून सुरू होईल.

१२. सिमेंटच्या कारखान्यांनी सौरऊर्जा वापरली तर सिमेंट स्वच्छ होईल का?

अर्धंच. भट्टीत चुनखडी तापवली की ती फुटते: १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड. हा वायू दगडातूनच निघतो, इंधन कोणतंही असो. साध्या सिमेंटच्या (ओपीसी) ५० किलोच्या गोणीमागे सुमारे ४० किलो पडतात. त्यातले २५ दगडाचे, बाकीचे मुख्यतः भट्टीच्या इंधनाचे.

म्हणून खरी बचत क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे, कमी वापरण्यात आहे. पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश (वीजकेंद्रातली कोळशाची राख) असते, पीएससीत २५ ते ७० टक्के स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी). हजार चौरस फुटांच्या घराला ठोकळमानाने ४०० गोण्या लागतात, म्हणजे ओपीसीने १६ टन. ३० टक्के फ्लाय अ‍ॅशच्या पीपीसीने चार-साडेचार टन वाचतात.

बिघडतं ते क्युरिंगमध्ये, म्हणजे पाणी मारण्यात. पीपीसीला ताकद सावकाश येते. ओपीसीला किमान ७ दिवस पाणी पुरतं, पीपीसीला किमान १०, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात १४ दिवस मारा. घाईने सेंट्रिंग काढून मग ‘सिमेंटच खराब’ म्हणणं चुकीचं आहे.

१३. युरियाच्या एका गोणीचा हिशेब काय?

४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. सरसकट धरायचं तर त्यातलं १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं: ०.३२५ किलो, म्हणजे सुमारे ८९ किलो समतुल्य. शिवाय युरियात वजनाच्या २० टक्के कार्बन असतो. जमिनीत तो सुटून ३३ किलो कार्बन डायऑक्साइड देतो. बेरीज सुमारे १२० किलो, आणि कारखान्यात जळलेला नैसर्गिक वायू वेगळा.

नायट्रस ऑक्साइड सगळ्यात जास्त निघतो तो जमिनीत नत्र भरपूर आणि पाणी साचलेलं असताना. म्हणून जोराच्या पावसाआधी फेकलेली गोणी दुहेरी नुकसान करते. मात्रा दोन-तीन हप्त्यांत द्या, वाफसा असताना द्या, मातीआड करा. २०१५ पासून देशातला युरिया कडुलिंबाचं आवरण देऊनच येतो. त्यामुळे नत्र सावकाश सुटतं, म्हणून ‘जोर कमी वाटतो’ म्हणत मात्रा वाढवू नका. भातात चारसूत्री लागवड पद्धतीतली ब्रिकेट (खताची दाबलेली गोळी) उत्तम: चार चुडांच्या मधोमध एक, ७ ते १० सेंटिमीटर खोल.

१४. भातशेतीतून मिथेन निघतो म्हणतात. कोकणातल्या शेतकऱ्याने काय करायचं?

खाचरात पाणी उभं राहिलं की मातीतला ऑक्सिजन संपतो आणि बिनहवेत जगणारे जिवाणू मिथेन बनवतात. रोपाच्या पोकळ दांड्यातून तो वर येतो.

उपाय म्हणजे आलटून पालटून ओलं-कोरडं. ३० सेंटिमीटर लांब, १० ते १५ सेंटिमीटर रुंद पाइप घ्या, खालच्या अर्ध्या भागाला सगळीकडून भोकं पाडा आणि अर्धा जमिनीत रोवून आतली माती काढा. लावणीनंतर पहिले दोन आठवडे तणासाठी पाणी ठेवा. पुढे पाइपात पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरलं की ५ सेंटिमीटर भरा. फुलोऱ्याच्या आधी आणि नंतर एकेक आठवडा पाणी तोडू नका, पळींज वाढतो. मिथेन साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने घटतो. नत्र जास्त असेल तर नायट्रस ऑक्साइड मात्र वाढतो, म्हणून प्रश्न १३ यासोबत वाचा.

पण हे पाणी हातात असेल तिथेच जमतं: वायंगणी किंवा उन्हाळी भात, भंडारा-गोंदियातली तलाव-कालव्याखालची शेती. सह्याद्रीच्या उतारावर जुलैत पाणी तोडायला सांगणं शेतकऱ्यावर अन्याय आहे. तिथे एवढंच पाहा, की ताजं, न कुजलेलं शेण किंवा पेंढा चिखलणीत जाऊ नये. मिथेनला सगळ्यात मोठा चारा तोच.

१५. गाई-म्हशी हजारो वर्षांपासून आहेत. त्यांना दोष कसा?

दोष जनावराचा नाही, हिशेब मात्र आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा कुजताना मिथेन होतो आणि त्याचा ९० टक्क्यांहून जास्त भाग तोंडावाटे, ढेकरेतून येतो. एक गाय वर्षाला साधारण ५० ते ७० किलो सोडते, म्हणजे १,३५० ते १,९०० किलो समतुल्य. जगातली जनावरांची संख्या माणसाने आपल्या गरजेसाठी वाढवली आहे, म्हणून ती माणसाच्या खात्यावर येते.

कळपाची संख्या वर्षानुवर्षं तीच असेल तर नवा मिथेन जुन्याच्या जागी येतो आणि तापमानात नवी भर फार पडत नाही, हा युक्तिवाद शास्त्राला धरून आहे. मिथेन १२ वर्षांत विरतो, त्याचाच हा परिणाम. पण उलटही तितकंच खरं: मिथेन घटवला तर तापमानावरचा ताण एका पिढीच्या आत उतरलेला दिसतो. कोळशाच्या बाबतीत अशी संधी नाही.

गोठ्यात हाती असलेली गोष्ट म्हणजे लिटरमागचा मिथेन. भाकड काळातही जनावर ढेकर देतंच. दोन वेतांतलं अंतर १८ महिन्यांवरून १४ वर आणणं, नुसत्या कडब्याऐवजी हिरवा चारा आणि खनिज मिश्रण देणं, कडबा कुट्टी करून देणं यांतून दूध वाढतं आणि लिटरमागचा मिथेन घटतो.

१६. गोबरगॅस म्हणजे मिथेनच. मग तो चांगला कसा?

जाळला तर चांगला, गळला तर वाईट, आणि सीमा कुठे हे मोजता येतं. १ घनमीटर गोबरगॅसमध्ये सुमारे ०.४ किलो मिथेन असतो. जाळला तर तो साधारण ०.४५ किलो एलपीजीची जागा घेतो, म्हणजे १.३ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. तोच घनमीटर गळला तर जवळपास ११ किलो समतुल्य. शेण एरवी उन्हात वाळून मिथेन न देता गेलं असतं असं धरलं, तर साधारण दहावा हिस्सा गळला की सगळा फायदा संपतो.

म्हणून महिन्यातून एकदा साबणाचं पाणी घेऊन घुमटावरचा सांधा, गेट व्हॉल्व्ह आणि शेगडीपर्यंतचे जोड तपासा. दीनबंधू या पक्क्या घुमटाच्या संयंत्रात घुमटाच्या आतल्या गिलाव्याला तडा गेला की गॅस गुपचूप जातो. सकाळी दाब चांगला आणि वापर नसताना दुपारी नाही, ही त्याची खूण. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. जनावरं दोन आणि संयंत्र चार घनमीटरचं, असं असेल तर ते उपाशी राहून बंद पडतं. उलट गॅस वापराहून जास्त होत असेल तर तो बाहेरच्या टाकीतून बुडबुडे होऊन सुटतो. लग्नकार्याला आठ दिवस गावाला जाताना रोजची भरणी थांबवा.

१७. पाचट किंवा लाकूड जाळलं तर कार्बन शून्य धरतात. मग जाळायला हरकत काय?

शून्य धरतात तो फक्त कार्बन डायऑक्साइड, आणि तोही पीक किंवा झाड पुन्हा वाढणार असेल तर (कारण प्रश्न ५ मध्ये). अर्धवट जळताना निघणारा मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काजळी यांना ही सूट नाही.

हेक्टरभर उसात ८ ते १० टन पाचट निघतं. ते पेटवलं तर या दोन वायूंचेच सुमारे ६०० किलो समतुल्य होतात, आणि पाचटातलं ३५-४० किलो नत्र धुरात जातं. ते भरून काढायला दीड-दोन गोण्या युरिया, म्हणजे आणखी २०० किलोच्या आसपास. खोडवा ठेवणार असाल तर पाचट सरीत दाबा आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो कुजवणारं जिवाणू खत टाका. युरिया न टाकता नुसतं पाचट झाकलं तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. ‘पाचट मानवत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

१८. ओला कचरा कुजणारच आहे. डेपोत कुजला काय आणि घरी काय?

हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड, नाही मिळाली तर मिथेन. १९२७ पासून भरत आलेल्या मुंबईच्या देवनारसारख्या डेपोत खालच्या थरांना हवा नाही, म्हणून मिथेन वर्षानुवर्षं निघत राहतो आणि आगीला खतपाणी घालतो. जानेवारी २०१६ मध्ये तिथली आग कित्येक दिवस धुमसत होती. घरच्या टोपलीतही पाणी साचलं तर तेच होतं. एका भाग ओल्या कचऱ्याला दोन भाग सुका पाला, आठवड्याला एक खालवर, आणि मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये. कुजका, सडका वास हीच सूचना समजा. गावातला उकिरडाही खोल खड्ड्यात न ठेवता जमिनीवर ढीग करून पलटला तर मिथेन कमी होतो.

१९. झाडं लावून हे सगळं भरून काढता येईल का?

हिशेब घ्या. झाडाच्या कोरड्या वजनाचा निम्मा भाग कार्बन. ५०० किलो कोरड्या वजनाचं झाड म्हणजे २५० किलो कार्बन, म्हणजे सुमारे ९१७ किलो कार्बन डायऑक्साइड, आणि ते गोळा करायला वीस-तीस वर्षं. प्रश्न ७ मधल्या घराला दर वर्षी अशी अडीच झाडं पूर्ण वाढून, कायम उभी हवीत. जूनमध्ये लावून एप्रिलमध्ये पाण्याअभावी मेलेलं रोप हिशेबात येत नाही. दख्खनच्या माळरानांवर आणि कोकणातल्या सड्यांवर खड्डे खणून झाडं लावणंही चूक आहे. ती पडीक जमीन नसते. तिथला गवताळ अधिवास मोडतो. उभं जंगल तुटू न देणं याला पहिला मान.

२०. भारताचा वाटा किती? आणि पाश्चात्त्यांनी केलेलं आपण का निस्तरायचं?

वर्षाच्या एकूण आकड्यात भारत चीन आणि अमेरिकेनंतर तिसरा. माणशी कार्बन डायऑक्साइड मात्र साधारण २ टन, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. अमेरिकेत तो १४ च्या आसपास आहे. आजवर साठलेल्या खनिज इंधनाच्या उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश, भारताचा तीन-चार टक्के. तक्रार रास्त आहे आणि ती आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत मांडलीच पाहिजे. पण उष्णतेची लाट, अवकाळी आणि पिकाचं नुकसान इथेच होतं, त्यामुळे इथलं उत्सर्जन घटवण्यात आपलाच स्वार्थ आहे.

२०२० च्या राष्ट्रीय हिशेबात ऊर्जा ७५.७ टक्के, शेती १३.७, उद्योगांच्या प्रक्रिया ८.१ आणि कचरा २.६ टक्के. शेतकऱ्याला सगळ्यात जास्त सल्ले आणि कोळशाबद्दल गप्प, असं चित्र दिसलं तर हे आकडे पुढे करा.

२१. हवा स्वच्छ केली तर तापमान वाढतं, हे खरं आहे का?

काही अंशी. कोळशाच्या आणि जहाजांच्या धुरातले सल्फेटचे कण ऊन परत फेकतात. हरितगृह वायूंनी आजवर साधारण दीड अंश वाढ दिली असती. या कणांनी त्यातली सुमारे ०.४ अंश झाकली. २०२० पासून जहाजांच्या इंधनातलं गंधक ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आणलं, तेव्हा समुद्रावरचं हे झाकण पातळ झालं. पण कण काही दिवसांत खाली बसतात आणि फुफ्फुसं खराब करतात, तर कार्बन डायऑक्साइड राहतो. धूर ठेवून थंडावा मिळवणं हा मार्ग नाही. कोळसाच कमी केला तर दोन्ही सुटतात.

२२. कोळसा चंद्रपुरात जळतो, वीज मुंबईत वापरली जाते. उत्सर्जन कोणाचं? आणि परदेशी विमानप्रवासाचं?

कोणासाठी हिशेब करताय, त्यावर ठरतं. देशाच्या हिशेबात धूर निघाला तिथे नोंद होते. त्यामुळे २,९२० मेगावॉटच्या चंद्रपूर केंद्राचा सगळा वायू एकदाच, वीजनिर्मितीखाली येतो. घराच्या हिशेबात तोच वायू वापरणाऱ्याच्या युनिटमागे धरतात, जसं प्रश्न ७ मध्ये केलं. दोन्ही बरोबर आहेत. चूक होते ती दोन्ही आकडे एकत्र मिळवल्यावर. कंपन्यांच्या अहवालात स्वतः जाळलेलं, विकत घेतलेली वीज आणि पुरवठादार-ग्राहकांचं असे तीन भाग वेगळे असतात. ‘आमचा कारखाना शून्य’ असं वाचलं की तिसरा भाग धरलाय का, ते बघा. निर्यात होणाऱ्या पोलादाचा वायू बनवणाऱ्या देशाच्या खात्यावर पडतो, वापरणाऱ्याच्या नाही, ही देशाच्या हिशेबाच्या पद्धतीची मोठी त्रुटी.

आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजं यांचं इंधन तर कोणत्याच देशाच्या एकूण बेरजेत धरत नाहीत. ते अहवालात बाजूला नोंदतात. पण घराच्या हिशेबात ते घ्यायलाच हवं. मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन साध्या वर्गात एका माणसामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे प्रश्न ७ मधल्या पूर्ण घराच्या वर्षाइतका. बिझनेस क्लासमध्ये जागा जास्त अडते, म्हणून माणशी वाटा दोन-तीन पट होतो. परदेशातली मुलं आणि इथले आई-वडील यांच्यापैकी जो प्रवास करेल त्याच्याच घराच्या खात्यावर तो लिहा, दोन्हीकडे नको.